वगळलेला वेळ

खोक्यातून निघाली ती साबणाच्या वडीएवढी काळी डबी, तीन वायरी आणि एक पातळ पुस्तिका. उत्तम घोलपांनी पुस्तिका उलटून पाहिली, टेबलावर ठेवली, परत उचलली.

"काका, बसा ना जरा," केतकी म्हणाली. "तुम्ही असे उभे राहिलात की मला वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय."

केतकी वाघचौरे त्या डबीच्या कंपनीकडून आली होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून ती संगणकाची मागची बाजू चाचपडत होती. हा संगणक आंबेघळ धरणाच्या नियंत्रण कक्षातला. धोंडी नदीवरच्या या धरणाला सांडव्याचे पाच दरवाजे, आणि ते पाचही इथूनच उघडत. घोलप एकतीस वर्षं ते दरवाजे उघडत आणि बंद करत आले होते. आधी हाताने चाक फिरवून, मग बटणांनी, आता कळफलकाने.

"ही वायर पडद्याची," केतकी खालूनच म्हणाली. "पडद्यावर जे दिसतं ते डबी बघणार आणि तुम्हाला पुण्यात पाठवणार. ही दुसरी, हिच्यातून डबी संगणकाला सांगणार, मीच कळफलक आणि मीच माऊस."

"म्हणजे खोटं सांगणार."

"चक्क खोटं! पण संगणक भोळा असतो काका. कळ दाबली गेली एवढंच त्याला कळतं, कोणी दाबली ते कुठे दिसतं? तुम्ही पुण्यात 'तीन' दाबलं की डबी इथे 'तीन' दाबणार."

"आणि तिसरी वायर?"

"ती विजेची. तिच्यात काही चमत्कार नाही."

घोलप हसले, पण लगेच घड्याळाकडे बघून त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील गं सगळ्याला?" सकाळपासून त्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

घाईचं कारण पुण्यात होतं. वैशाखात त्यांच्या पत्नीला, इंदुमतीला, पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय ओढल्यासारखे झाले होते, आणि शब्द गेले होते. समजत सगळं होतं. बोलायचंही असे, पण शब्द ओठांपर्यंत येईना. धायरीला तिची बहीण निर्मला राहत होती. तिच्याकडे ठेवून उपचार चालू होते. वाचा-उपचार करणाऱ्या देवयानी मॅडम म्हणाल्या होत्या, "पहिले सहा महिने सोन्याचे. घरातलं माणूस रोज समोर बसून बोलायला हवं." घोलप चार दिवस धरणावर आणि दोन दिवस पुण्यात असे एसटीने हेलपाटे घालत होते. दरवाजे हाताळणारा दुसरा प्रशिक्षित माणूस खात्याकडे नव्हता. शेवटी खात्यानेच ही डबी मागवली. तिचं नाव होतं दूरहात.

दुरून संगणक चालवणं ही काही नवी गोष्ट नव्हती. अडचण वेगळीच होती. आंबेघळच्या दरीत तारा टिकत नाहीत, दरड कोसळली की तुटतात. म्हणून संदेश उपग्रहावरून जाणार. हा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचावर. प्रकाशाच्या वेगाने निघालेला हुकूम वर जाऊन खाली उतरायला पाव सेकंद, आणि त्याचं उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद. त्यात सुरक्षेची कुलपं उघडायची, चित्र आवळून पाठवायचं. सगळं मिळून तीन सेकंद जात.

तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण नवख्या माणसाने गीझरच्या नळाखाली आंघोळ करून पाहावी. नळ फिरवला, पाणी गारच, म्हणून आणखी फिरवला, तरी गार, आणखी फिरवला, आणि मग एकदम चटका! पाणी नळीतून यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणसाला धीर नसतो. धरणाच्या दरवाजाचंही तसंच. फूटभर उचलायचा तो दोन फूट उचलला जाईल.

दूरहातने यावर शोधलेला उपाय असा होता. दूधवाला रोज ठरावीक वेळी येत असेल, तर घरची बाई घंटा वाजायच्या आधीच पातेलं घेऊन दारात उभी असते. तिला भविष्य कळत नाही, तिला दूधवाला माहीत असतो. दूरहात तसा माणसाचा हात ओळखायला शिके. कोणत्या कळीनंतर कोणती कळ, मध्ये किती वेळ, बोट कुठे घुटमळतं. बारा दिवस नुसतं बघून तो हात पाठ करी, आणि मग तुमचा हुकूम तीन सेकंदांनी पोचायच्या आत, तुम्ही जे करणार तेच धरणावर करून मोकळा होई.

"आणि चुकला तर?" घोलपांनी विचारलं.

"तुमचा खरा हुकूम पोचला की स्वतःला दुरुस्त करतो. दोनच नियम लक्षात ठेवा." केतकी आता उठून झब्ब्याला हात पुसत होती. "एक, मध्येच संपर्क तुटला तर सुरू केलेलं काम तो पूर्ण करतो. दरवाजा अर्धवट लटकलेला राहू नये म्हणून. दोन, कळफलकावर अनोळखी हात आला की सगळं जागच्या जागी थांबवतो. चोराचिलटाची भीती नको."

बारा दिवस डबी बघत राहिली. घोलपांना काम करण्यापूर्वी डाव्या कोपऱ्यातली 'रद्द' कळ दोनदा टकटक मारायची खोड होती. बसण्याआधी माणूस खुर्ची झटकतो तशी. डबीने तीही टिपली आणि ही निव्वळ खोड आहे, तिला अर्थ नाही, असं स्वतःच ठरवून टाकलं. एका हातात चहाचा कप धरून ते डाव्या हाताने टंकलेखन करत. तेही तिने पाठ केलं. त्या बारा दिवसांत सांडव्याचे दरवाजे दोनदा उघडले गेले.

शेवटच्या दिवशी केतकीच्या पडद्यावर एक प्रश्न आला. तिने तो वाचून दाखवला. "काका, दोन्ही वेळेला भोंगा दिल्यावर तुम्ही उठून जाता. एकदा नऊ मिनिटं, एकदा सव्वीस. तेवढ्यात एकही कळ नाही, माऊस हलत नाही. हा रिकामा वेळ वगळू का शिकवणीतून?"

तो वेळ रिकामा नव्हता. कक्षाला एकच खिडकी होती, ती नदीच्या अंगाला. दरवाज्यांखालच्या डोहात खालच्या वस्तीतले भोई मासे धरायला उतरत. भोंगा वाजला की त्यांची म्होरकी ठकूबाई मोठ्या खडकावर चढे, आपली माणसं मोजे, आणि शेवटचा माणूस काठाला लागला की वल्हं उभं करून दाखवे. ते वल्हं बघितल्याशिवाय घोलपांनी एकतीस वर्षांत एकदाही दरवाजा उचलला नव्हता. नियमात लिहिलं होतं, 'भोंग्यानंतर पुरेसा अवधी द्यावा.' पुरेसा म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. वल्ह्याचं तर नावच नव्हतं, कारण डोहात उतरायलाच कायद्याने बंदी होती. मागे एकदा चोवीस मिनिटं उशीर केला म्हणून घोलपांना लेखी समज मिळाली होती. तेव्हापासून ते वल्ह्याबद्दल कोणाकडे बोलत नसत.

"कुठे जाता हो काका? चहाला?" केतकीने विचारलं.

"हां. चहाला," घोलप म्हणाले. "वगळ की. यंत्राला कशाला चहा पाजायचा?"

केतकी हसली आणि तिने कळ दाबली.

*

डबीचा दुसरा भाग धायरीच्या घरात, निर्मलाच्या जेवणाच्या टेबलावर बसला. हा भाग म्हणजे एक पडदा, एक कळफलक आणि एक माऊस. केतकीने फोनवरून पायऱ्या सांगितल्या. वीज द्या. हिरवा दिवा लुकलुकेल. लुकलुकायचा थांबला की कर्मचारी क्रमांक घाला. आता परवलीचा शब्द.

"दाजी, माझा डाळीचा डबा तेवढा बाजूला करू द्या," निर्मला म्हणाली. "नाहीतर धरणातून वरण सुटायचं."

पडदा एकदा काळा झाला आणि मग आंबेघळचा कक्ष उजळला. तोच हिरवा नकाशा, तीच पाच दरवाज्यांची चित्रं, कोपऱ्यात पाण्याची पातळी. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या इंदुमतीने डावा हात तोंडावर नेला. तिला हसू आलं होतं.

त्या दिवशी कालव्याचं छोटं दार दहा सेंटिमीटर उचलायचं होतं. घोलपांनी कालव्याच्या चित्रावर माऊस नेला. ते पुढचं काही करायच्या आत पडद्यावर आकडा उमटला. दहा. त्यांनी दहाच लिहिलं असतं. त्यांचं बोट एकच्या कळीवर टेकेपर्यंत तिकडे काम झालेलं होतं.

"झालं?" निर्मलाने विचारलं.

"झालं," घोलप म्हणाले. पण त्यांचं बोट अजून कळीवर होतं आणि ते उचलावं की दाबावं हे त्यांना कळेना.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. कालव्याचं दार रोज दोनदा. सगळं बिनचूक होई, आणि दर वेळी घोलपांना वाटे की आपण आपल्याच मागून धावतोय. ते खुर्चीतून उठत, गॅलरीत जात, परत येत. जेवताना पाय हलवत बसत. निर्मलाने गॅसवर दूध ठेवलं तर उतू जायच्या आधीच येऊन गॅस बंद करत. "दाजी, तापू तरी द्या!" ती म्हणे.

सगळ्यात वाईट म्हणजे ते इंदुमतीचे शब्द पुरे करू लागले होते. देवयानी मॅडमनी बजावलं होतं, "त्या अडल्या की मनात दहा मोजा. शब्द तुम्ही द्यायचा नाही. तो त्यांचा त्यांनीच शोधायचा." सुरुवातीला घोलप दहा मोजत. मग पाच. मग मोजणंच राहिलं.

एका सकाळी इंदुमती म्हणाली, "पा…"

"पाणी? आणतो."

त्यांनी पेला तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, दोन घोट प्यायली. पुन्हा म्हणाली, "पा…"

"अजून? अगं, भरलेला आहे की पेला."

तिने मान फिरवली. दुपारी निर्मला अंथरूण झटकायला आली तेव्हा तिला कळलं की इंदुमतीचे पाय बर्फासारखे गार पडले होते आणि पायमोजे पलंगाखाली घसरले होते. त्या दिवशी इंदुमती संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलली नाही. देवयानी मॅडम आल्या तेव्हाही नाही. "मागच्या आठवड्यात वीस शब्द होते," त्या वहीत बघत म्हणाल्या. "आज काय झालं?"

घोलपांनी टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदा तिथून उठून जावंसं वाटलं.

*

भाद्रपदात घाटात पावसाने जोर धरला. एका सकाळी साडेदहाला कार्यालयातून फोन आला. धरण सत्त्याण्णव टक्के. तीन नंबरचा दरवाजा तीस सेंटिमीटर उचला.

दुरून सांडवा उघडण्याची ही पहिलीच वेळ होती. घोलपांनी तीन नंबरचा कॅमेरा उघडला. त्यात दरवाजा दिसे, त्याखालचा काँक्रीटचा उतार दिसे. डोह दिसत नसे. तो खिडकीतून दिसे, आणि खिडकी तिकडे होती. म्हणून त्यांनी आधीच ठकूबाईला फोन लावून ठेवायचं ठरवलं होतं. दोनदा लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मग ते स्वतःशी म्हणाले, भोंगा तर देऊ, तोपर्यंत ती खडकावर चढेल, मग लावू.

त्यांनी भोंग्याची कळ दाबली.

तीन सेकंदांनी भोंग्याचं चिन्ह लाल झालं. पडद्याच्या वरच्या कडेला ओळ आली: 'संपर्क क्षीण. सुरू केलेलं काम पूर्ण करत आहे.'

आणि माऊसचा बाण आपणहून हलला.

तो तीन नंबरच्या दरवाजावर गेला, जरा घुटमळला, जसे घोलप घुटमळत, आणि टेकला. आकड्यांची चौकट उघडली.

एक क्षण घोलपांना काही समजेना. मग एकदम सगळं समजलं. डबी चुकत नव्हती. तिला शिकवलं होतं तेच ती करत होती. भोंगा, आणि लगेच दरवाजा. मधला वेळ वगळलेला होता. तो त्यांनीच वगळायला सांगितला होता.

त्यांनी 'रद्द' कळ दाबली. पुन्हा दाबली. काहीच झालं नाही. दोनदा टकटक ही तर त्यांची खोड! डबी ती कानाआड करत होती.

"निर्मला, चौकीदाराला फोन लाव! धरणाच्या! माझ्या फोनवरून!"

"काय झालं दाजी?"

"लाव आधी! म्हणावं, मोटारीची वीज तोड!"

पडद्यावर कर्मचारी क्रमांक भरला जात होता. एकेक आकडा, त्यांच्याच गतीने, चौथ्या आकड्यानंतर त्यांच्यासारखाच थोडा थांबून. घोलपांचा हात टेबलाखालच्या वायरीकडे गेला. उपटून टाकावी. वायर बोटांत आली आणि त्यांना केतकीचा पहिला नियम आठवला. संपर्क तुटला तर डबी काम पूर्ण करते. चटका बसल्यासारखी त्यांनी वायर सोडली.

"उचलत नाही कोणी," निर्मला म्हणाली.

दुसरा नियम. अनोळखी हात. त्यांनी दोन्ही हातांनी वाटेल त्या कळा बडवल्या. पण बोटं एकतीस वर्षांची होती. बडवतानाही ती आपल्या ठेक्यात पडत होती. नुसत्या डाव्या हाताने मारल्या. चहा पिताना चालणारा डावा हात डबीला ठाऊक होता. आता पडद्यावर उंची आली. ०.३०, शिकवणीतल्या दोन्ही वेळची. राहिली फक्त खात्रीची चौकट.

"इंदू," ते ओरडले, "हात दे इकडे! मार इथे! काहीही मार!"

इंदुमतीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. तिने डावा हात उचलला नाही. उजवा, ओढल्यासारखा झालेला हात तिने डाव्याने धरून टेबलावर आणला आणि कळफलकावर टाकला. बोटं उघडत नव्हती. मूठ कळांवर पडली, घसरली, परत पडली. ठेका नाही, अंतर नाही. एक कळ दोन सेकंद दाबलेलीच राहिली, मग चार एकदम. ती पुन्हा मूठ उचलायला बघत होती आणि मूठ उठत नव्हती, म्हणून तिने ती तशीच कळांवरून ओढली.

एक सेकंद. दोन. तीन. बाण खात्रीच्या चौकटीवर पोचला.

पडदा करडा झाला. मधोमध अक्षरं आली: 'हात अनोळखी. सर्व कामे थांबवली.'

कॅमेऱ्याचं चित्र गोठलेलं होतं. बाण टेकला होता की नाही? दरवाजा उचलला होता की नाही? घोलपांना दिसत नव्हतं. ते उभे होते, निर्मला उभी होती, आणि इंदुमतीची मूठ अजून कळफलकावर होती.

निर्मलाच्या हातातला फोन वाजला. तिने तो दाजींच्या कानाला लावला.

"घोलपदादा!" पलीकडून ठकूबाईचा आवाज आला, वाऱ्यात मोडत. "भोंगा देऊन निजला का काय तुमी?"

"माणसं… ठकूबाई, माणसं कुठायत?"

"कुठं म्हंजे? डव्हात! सोमाचं जाळं खडकाला अडाकलंय, चौघं ओढत्यात. वल्हं दावलंय का मी अजून? मग? फोन कशापायी केला हुता दोन डाव?"

घोलप खाली बसले. खुर्ची जवळ नव्हती. ते फरशीवरच बसले.

"दादा? बोला की!"

"दरवाजा बंद आहे ना?"

"आवं, तुमी न्हाई उघडला तर कोन उघडील?" ठकूबाई म्हणाली.

*

दरवाजा त्या दिवशी उपअभियंत्याने जीपने धरणावर जाऊन, घोलप फोनवर सांगतील तसा, उघडला. चौकीदाराला खडकावर पाठवलं, वल्हं वर झालं, मगच. सोमाचं जाळं निघायला एकवीस मिनिटं लागली होती.

दुसऱ्या दिवशी फोनवर तिघं होते. केतकी, कार्यकारी अभियंता शेंडगे, आणि घोलप. घोलपांनी वल्ह्याची सगळी हकीकत सांगितली. नऊ मिनिटं कशी, सव्वीस कशी.

"काका, हे मला आधी का नाही सांगितलंत?" केतकी म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. सांगितलं असतं तर मला अजून एक समज मिळाली असती आणि त्यांचं डोहात उतरणं बंद झालं असतं. मी चहा म्हणालो. तुझी चूक नाही पोरी."

शेंडगेसाहेब खाकरले. "झालं ते झालं. आता ठरावीक वेळ घालू. नऊ आणि सव्वीसची सरासरी साडेसतरा. साडेसतरा मिनिटं डबी थांबेल, मग दरवाजा. कार्यालयातल्या मुख्य कक्षातूनही चालवता येईल."

"साहेब, काल एकवीस लागली," घोलप म्हणाले. "साडेसतरा मिनिटांनी चौघं पाण्यात होते."

"डोहाकडे कॅमेरा लावून वल्हं ओळखायला शिकवता येईल," केतकी म्हणाली. "पण शिकवणीला बरेच दिवस लागतील. पुढच्या पावसाळ्याआधी नाही जमायचं."

"तोवर?" घोलपांनी विचारलं.

"तोवर दोनच रस्ते," शेंडगे म्हणाले. "एक तर साडेसतरा. नाहीतर खिडकीशी माणूस. म्हणजे तुम्हीच; चौकीदाराच्या भरवशावर सांडवा ठेवता येत नाही. मला सोमवारपर्यंत कळवा. मी तुम्हाला आग्रह करणार नाही, घोलप. घरची परिस्थिती मला ठाऊक आहे."

सोमवारला तीन दिवस होते. घोलप त्या तीन दिवसांत एकदाही स्वस्थ बसले नाहीत. गॅलरीत उभे राहून त्यांनी मनात सगळी मांडामांड केली. इंदूला बरोबर न्यायचं. धरणाच्या वसाहतीतल्या घरात न्हाणीला धरायला दांडी बसवायची. पलंग खिडकीशी घ्यायचा. देवयानी मॅडम तिथे येणार नाहीत, तर नाहीत; पुढे बघू. या आजारपणाआधी, सदतीस वर्षांच्या संसारात बाळंतपण सोडलं तर इंदू त्यांच्यावेगळी राहिली नव्हती. ती काय म्हणणार ते त्यांना माहीत होतं. 'मी पण येते.' तिने म्हणावं म्हणून विचारायचं, एवढंच.

रविवारी दुपारी ते तिच्या समोर स्टूल घेऊन बसले. निर्मला भांडी घासत होती. त्यांनी सगळं सांगितलं. समजेचा कागद, वल्हं, चहा, साडेसतरा मिनिटं. तिला हे काही नवीन नव्हतं, वल्ह्याचं तर पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी त्यांनी सगळं सांगितलं.

"तर आता काय करायचं, इंदू?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांच्याकडे.

"मी…" ती म्हणाली.

'पण येते' त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. नळाचं पाणी वाजत होतं. इंदुमतीच्या गालाचा स्नायू हलला, थांबला, परत हलला. त्यांना उठावंसं वाटलं, पेला आणावासा वाटला, काहीही करावंसं वाटलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मी… इथं," ती म्हणाली.

त्यांना वाटलं, झालं. त्यांनी तोंड उघडलं. तिने डावा तळहात वर केला. थांबा, संपलं नाही.

"तुम्ही…" बराच वेळ गेला. "जा."

तळहात अजून वरच होता. निर्मलाने नळ बंद केला आणि ती दारात येऊन उभी राहिली, ओले हात तसेच धरून.

"रोज…" इंदुमती म्हणाली. तिने डोळे मिटले, शोधलं, उघडले. "फोन… मी… करीन."

मग तिने हात खाली घेतला.

एवढं बोलायला तिला दोन मिनिटं लागली होती. घोलपांनी मनात तयार ठेवलेल्या वाक्यातला 'मी' सोडला, तर दुसरा एकही शब्द तिच्या बोलण्यात नव्हता.